अडुसष्टच्या पुढचा आकडा

"एकशे दहा," मी म्हणाले आणि थांबले.

मामंजी थांबले नाहीत. त्यांनी मशीनचा दांडा आणखी दहा वेळा फिरवला, चिमटीत धरलेली केसासारखी बारीक तांब्याची तार बॉबिनच्या कडेपर्यंत नेली, मग दांडा सोडला आणि त्या थरावर कागद गुंडाळायला घेतला. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"एकशे दहाच घ्यायचे होते ना?" मी विचारलं.

"कागद संपत आला," मामंजी भिंतीला म्हणाले. "कुणीतरी आणखी कापून ठेवावा."

खोलीत आम्ही दोघंच होतो. भिंतीवरची पाल धरली तर तिघं, पण पालीला कात्री धरता आली नसती. मी उठले आणि कागद कापायला लागले.

ही गोष्ट ब्याण्णव सालची, कोल्हापूरची. उदयशी रजिस्टर लग्न करून मी त्या घरात आले त्याला आठ महिने झाले होते, आणि आठ महिन्यांत माझे सासरे, धोंडिराम सुतार, माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. मी त्यांना मामंजी म्हणायचे, गल्लीतल्या सगळ्या सुना आपापल्या सासऱ्यांना म्हणायच्या तसं. ते मला काहीच म्हणायचे नाहीत. उदयनं आधी लग्न केलं आणि मग घरी सांगितलं. त्यातही त्यानं सांगायच्या आधी दुकानात आलेल्या कुठल्याशा गिऱ्हाइकानं मामंजींना पेढे मागितले. मी परजातीची, बंगळुरात वाढलेली, इंग्रजी शाळेतली, ह्यातल्या कशाचं त्यांना काही वाटलं नाही. "मला इचारलं न्हाई," एवढं एकच वाक्य ते बोलले, आणि अबोला धरला. उदयशी तो महिनाभरात सुटला. माझ्याशी सुटेना, कारण माझ्याशी तो सुटायला आधी कधी बोलणंच झालेलं नव्हतं.

अबोला म्हटलं की लोकांना छळ आठवतो. मामंजींचा अबोला फार प्रेमळ होता. माझ्या टेबलफॅनची कुरकुर सुरू झाली की दुसऱ्या दिवशी त्यात तेल पडलेलं असायचं. दुधावरची साय माझ्या वाटीत यायची. फक्त त्यांच्या बोलण्यात 'तू' नसायचं. "जेवायला बसावं." "ओल्या हातानं बटन दाबू नये." "आभाळ आलंय, छत्री न्यावी माणसानं." समोरच्या माणसाला वगळून त्याच्याशी बोलायची मराठीत एवढी सोय आहे, हे मला त्या घरात कळलं.

आणि मी त्या 'तू'साठी झुरत होते. आता ह्या वयात सांगायला लाज कसली? माझे वडील एअरफोर्समधून निवृत्त झाले आणि वर्षभरात गेले. "अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" असं हक्कानं ओरडणारं वडीलधारं माणूस मला हवं होतं. घरात होतंही, पण ते भिंतीशी बोलायचं.

मामंजींचं उद्यमनगरात मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या मोटरी उघडायच्या, जुनी तार काढायची, नवी भरायची. हे त्यांनी चाळीस वर्षं केलं. त्या वर्षी त्यांनी दुकान पुतण्याच्या हवाली केलं आणि वाइंडिंगचं छोटं हातमशीन तेवढं घरी आणलं. कशासाठी, ते सगळ्या पेठेला माहीत होतं. ऐन तिशीत त्यांनी स्वतःच्या हातानं व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओत काचेचे दिवे असायचे त्यांचा, एक अँप्लिफायर बनवला होता. रोज संध्याकाळी तो लावायचा, व्हॉल्व्ह तापून लाल होईपर्यंत हात बांधून बसायचं आणि मग रेकॉर्ड ठेवायची, हा त्यांचा नेम होता. पण त्या अँप्लिफायरमध्ये एक उणं राहून गेलं होतं. व्हॉल्व्हमधला आवाज स्पीकरपर्यंत नेऊन पोचवतात ते आउटपुट ट्रान्सफॉर्मर. तेव्हा त्यांना जुन्या रेडिओतून काढलेले दोन बारके मिळाले होते, तेच बसवलेले.

"तबला ऐकाय येतो," ते उदयला सांगायचे, "डग्गा येत न्हाई. सगळा आवाज गळ्यातनं, पोटातनं काय बी न्हाई."

आता त्यांच्याकडे एका भंगारात निघालेल्या यंत्रातल्या उत्तम लोखंडी पत्र्या होत्या, तार होती आणि वेळ होता. दोन दणदणीत ट्रान्सफॉर्मर गुंडाळायचे, एक डावा, एक उजवा. दोन्ही फेऱ्याला फेरा सारखे.

इथं माझा संबंध आला. अशी बारीक तार गुंडाळताना तिचा ताण बोटांना कळत राहावा लागतो. जरा जास्त झाला की तुटली. त्यामुळे मामंजी फेरे मोजायचे नाहीत. दांडा त्यांनी फिरवायचा आणि शेजारी बसून दुसऱ्यानं मोठ्यानं मोजायचं, अशी त्यांची पद्धत. मशीनला आकडे दाखवणारं चक्र होतं, पण त्याच्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "दाते झिजलं की खोटं बोलतंय त्ये. माणूस चुकंल, पर खोटं बोलत न्हाई." तीस वर्षं हे मोजण्याचं काम माझ्या सासूबाईंचं, म्हणजे आत्यांचं होतं. मोजणाऱ्याशी कुणी बोलायचं नाही, दार वाजलं तरी उठायचं नाही, असा दंडक होता.

आणि नेमक्या त्या रविवारी आत्यांचा घसा बसला.

"माझ्यानं न्हाई हुत बाई," गळ्याला लोकरी मफलर गुंडाळून, भर मार्चात, त्या कुजबुजल्या. "जोसना, तू बस." माझं नाव ज्योत्स्ना. ते त्यांच्या तोंडात कधीच बसलं नाही आणि मलाही 'जोसना'च आवडायला लागलं.

मामंजींनी छताकडे बघितलं. "मोजणाऱ्याला मराठीत मोजता यावं," ते म्हणाले. "विंग्रजीत माझा हात बसत न्हाई."

"त्यात काय!" मी म्हणाले. मी गणितात एम. एस्सी. होते, कॉलेजात शिकवत होते. शंभरपर्यंत मोजणं म्हणजे काय मोठं काम! आमच्या बंगळूरच्या घरात बोलणं मराठीत असे आणि आकडे इंग्रजीत, हे खरं. पण लहानपणी आईनं उजळणी घोकून घेतली होती. एक थर एकशे दहा फेऱ्यांचा, प्रत्येक थर नव्यानं एकपासून. मी स्टुलावर बसले, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि सुरू केलं.

त्यानंतर तीन रविवार आणि मधल्या कितीतरी दुपारी मी मोजत होते. आणि प्रत्येक थराला तेच. मी "एकशे दहा" म्हणायचं आणि त्यांनी आणखी दहा फिरवायचे. नऊ नाही, अकरा नाही, बरोबर दहा. ट्रान्सफॉर्मरचा शेवटचा थर अर्धवट असतो, पंच्याऐंशी फेऱ्यांचा. तिथंही मी "पंच्याऐंशी" म्हटल्यावर दहा फेरे वर.

"तुझे वडील माझा अपमान करतात," मी उदयला म्हणाले. पहिला ट्रान्सफॉर्मर पुरा झाला होता आणि दुसरा निम्म्यावर आला होता.

"बोलतच नाहीत तर अपमान कसा करतील?"

"मी मोजते ते त्यांना खरं वाटत नाही. मग मला स्टुलावर बसवतात कशाला? शोभेला?"

"काहीतरी वाइंडिंगचा हिशोब असेल गं. कडेला जागा ठेवतात वगैरे." उदय फाउंड्रीत होता, तार आणि कॉइल ह्यांतलं त्याला माझ्याइतकंच कळायचं. "विचार की त्यांना."

"विचारलं. कागद कापावा म्हणाले."

तो इतका हसला की मी ताट उचलून आत निघून गेले. पण मनात ठरवलं, हा दुसरा एकदाचा पुरा झाला की स्टुलाला रामराम. ज्या माणसाला माझ्याशी बोलायचं नाही त्याच्यासाठी घसा कोरडा करण्यात काय हशील?

दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरचा तो शेवटचा अर्धा थर तेवढा राहिला होता. रविवारी तो व्हायचा होता. शनिवारी मी गॅसच्या एजन्सीत सिलिंडरचा नंबर लावायला गेले. तिथं हातात चिठ्ठी देत, आकडा पुकारत आणि खिडकीशी बोलावत. माझी चिठ्ठी एकोणसत्तर नंबरची, म्हणजे तिच्यावर इंग्रजी आकड्यांत सहा आणि नऊ छापलेले. बाकावर शेजारी एक जाडजूड मावशी बसल्या होत्या, मांडीवर पिशवी घेऊन.

"अडुसष्ट!" खिडकीतून आवाज आला.

मी पदर सावरला आणि उठले. "चला, आता एकोणऐंशी. माझाच."

मावशींनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "एकोणऐंशीला लई येळ हाय की बाई. आजून दहा जणं हैत. आता एकोणसत्तर."

"नाही हो, अडुसष्टनंतर एको..." मी म्हणाले, आणि तोंड उघडंच राहिलं.

हातातल्या चिठ्ठीवर सहा आणि नऊ होते. सत्तरला एक कमी. एकोणसत्तर. मग सत्तर, मग एकाहत्तर, बाहत्तर... ही सगळी मंडळी मला आठवत होती, ओळखीची होती, पण मोजताना माझी जीभ त्यांना दारातही उभी करत नव्हती. अडुसष्ट, एकोणऐंशी, ऐंशी, एक्याऐंशी, अशी ती झोकात पुढे पळायची. लहानपणी उजळणीतलं एक पान गळालं असणार आणि कुणाच्या लक्षात आलं नसणार. मोठेपणी आकडे इंग्रजीतच लागले. मी, गणिताची प्राध्यापक, तीन आठवडे शंभर फेऱ्यांना एकशे दहा म्हणत होते.

आणि ते बरोबर दहा फेरे वर का फिरवत होते, ते मला त्या बाकाशी उभ्या उभ्या कळलं.

"एकोणसत्तर! अहो, कोण आहे एकोणसत्तर?" खिडकी ओरडली.

"जावा की!" मावशींनी मला ढोसलं.

घरी येऊन मी थेट स्वयंपाकघरात गेले. आत्या मफलर गुंडाळून पालेभाजी निवडत होत्या. "आत्या," मी म्हणाले, "मी चुकीचं मोजते हे मामंजींना माहीत आहे?"

आत्यांनी देठ मोडता मोडता माझ्याकडे बघितलं. "पैल्या दिवसापास्नं," त्या कुजबुजल्या. "मला म्हणाले, कडंला जागा उरतीय, थराला दहा कमी पडाल्यात, कुठं चुकतंय ऐक जरा. मी हितं बसून ऐकलं. अडुसष्टावरनं एकोणऐंशीला उडी मारतीस तू."

"मग सांगितलं का नाहीत मला?"

"मी सांगणारच हुते की! ह्यांनीच नको म्हटलं." बोलण्याच्या भरात आत्यांचा घसा अचानक खणखणीत झाला. "म्हणाले, गणिताची मास्तरीण हाय ती. आकडा चुकला म्हणून सांगितलं तर मनाला लागंल तिच्या. मी फिरवतो की दहा वर, माझा काय हात झिजतोय व्हय?" मग भानावर येऊन त्यांनी मफलर घट्ट केला आणि एक खोटा खोकला काढला.

मी तिथंच पाटावर बसले. माझ्याशी न बोलणारा माणूस तीन आठवडे माझी लाज राखत होता, आणि मी त्याला मनातल्या मनात काय काय बोलून घेतलं होतं! त्या दिवशी भाकऱ्या थापताना मी सत्तरीचे आकडे घोकले. एकाहत्तर, बाहत्तर, त्र्याहत्तर, चौऱ्याहत्तर. उदयनं दारातून डोकावून विचारलं, "कसला मंत्र?" त्याला काही सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. उद्या मी गपचूप बरोबर मोजणार होते. त्यांनी माझी चूक गपचूप सांभाळली होती ना, मग मीही ती गपचूप सुधारणार. मला ते फार शहाणपणाचं वाटलं.

रविवारी दुपारी मी स्टुलावर बसले. मामंजींनी तार चिमटीत घेतली, दांडा फिरायला लागला.

"एक. दोन. तीन."

पन्नासपर्यंत सगळं सुरळीत होतं. साठ ओलांडले आणि खालून गल्लीतून एक आवाज आला. असा आवाज, की समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली.

"शिळी मेथी देतोस व्हय रं मला? मला? दांडं बघ की हे, म्हशीनं तोंड लावलं न्हाई ह्येला!"

तीन आठवडे बसलेला आत्यांचा घसा होता तो. मोजणाऱ्यानं थांबायचं नसतं, म्हणून मी ओठ दाबून मोजत राहिले. मामंजींचा हात चालू होता, पण मान खिडकीकडे वळली होती आणि मिशी थरथरत होती. मेथीवाला काहीतरी म्हणाला, आत्यांनी त्याच्या दुप्पट आवाजात उत्तर दिलं. इकडे मी एकोणसत्तर म्हणाले, सत्तर म्हणाले, एकाहत्तर, बाहत्तर, एकेकाला नीट हात धरून आत आणलं. शेवटी अभिमानानं म्हणाले, "पंच्याऐंशी."

आणि मामंजींनी आणखी दहा फेरे फिरवले.

"अहो, थांबा, मामंजी! जास्त झाले!"

दांडा थांबला. ते माझ्याकडे बघायला लागले. मग नेहमीसारखं भिंतीकडे वळले, तोंड उघडलं. "मोजणाऱ्यानं..." म्हणाले आणि अडले. पुढचं वाक्य तसं बसेना. बॉबिन हातात, तार चिमटीत, डाव्या-उजव्याचा मेळ बिघडलेला. ते माझ्याकडे फिरले.

"न्हाई. चुकलीस."

"नाही चुकले. आज बरोबर मोजलं मी."

"कसलं बरोबर? रोज थराला दहा खातीस तू!"

"रोज खात होते. आज नाही खाल्ले."

"अडुसष्टाच्या पुढं काय म्हणालीस?"

"एकोणसत्तर."

"त्याच्या पुढं?"

मी सांगितले. सत्तरपासून पंच्याऐंशीपर्यंत, परीक्षेला उभ्या केलेल्या मुलीसारखे, एकही न गाळता. ते मान हलवत ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांच्या लक्षात आलं की ह्या वेळी चूक त्यांनी केली होती.

"मग आदी सांगायचं न्हाईस व्हय?" ते ओरडले.

"तुम्ही तरी कुठं सांगितलंत? तीन आठवडे?"

ते हातातल्या बॉबिनकडे बघायला लागले. मी गणिताची असल्यामुळे मनातल्या मनात मोजून टाकलं: चुकलीस, खातीस, म्हणालीस, न्हाईस. चार. आठ महिन्यांत एक नाही आणि आता मिनिटभरात चार. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते थांबेना. कुणी मला चुकलीस म्हटल्याचा इतका आनंद मला ना आधी झाला होता, ना नंतर कधी झाला.

"रडू नको," मामंजी घाबरून म्हणाले. "तार भिजंल."

तेवढ्यात आत्या मेथीची जुडी घेऊन जिना चढून आल्या. "काय झालं? कोण वराडलं?"

"घसा सुटला जणू तुझा," मामंजी म्हणाले.

आत्यांनी माझ्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, गळ्यातला मफलर काढून खुंटीला लावला आणि मेथी निवडायला आत गेल्या.

पुढे पंधरा दिवसांनी ते ट्रान्सफॉर्मर वार्निश होऊन वाळले, जुने काढून त्यांच्या जागी बसले. डग्गा आला, आणि असा आला की कपाटातले पेले वाजले. पेठेतली माणसं ऐकायला आली होती. त्यांच्यादेखत मी रेकॉर्डला बोट लावलं म्हणून मामंजी मला ओरडले, "अगं, बोटाचं तेल लागतंय, अक्कल हाय का तुला?" आणि मी हसत राहिले ते बघून बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या.

पण ते सगळं नंतर. त्या दुपारी आधी जास्तीचे दहा फेरे उलगडायचे होते. मामंजींनी दांडा उलटा धरला.

"मोज," ते म्हणाले. "धापास्नं खाली."

मराठीत उलटं मोजायचं म्हणजे पुन्हा काहीतरी खाऊन बसेन अशी भीती. "मामंजी, मराठीतच का?"

त्यांनी थोडा विचार केला. "तुला येतंय त्यात मोज."

"टेन," मी म्हणाले. दांडा एकदा उलटा फिरला. "नाइन. एट. सेवन."

"शिक्स," मामंजी म्हणाले, माझ्याआधी.

मी मोजायचं सोडून त्यांच्याकडे बघत राहिले.

"थांबलीस का गं?" ते म्हणाले. "फाइव्ह म्हण."